जत्रेतलं खाजं

श्रोतेहो, नमस्कार.

तुळशीचं लग्न लागलं, त्रिपुरी पौर्णिमा आली, की आमच्या तळकोकणात लोक तारखा विसरतात आणि जत्रा मोजायला लागतात. "सोनुर्लीची जत्रा झाली की ये," "आमच्या जत्रेला चार दिवस राहिलेत," असं बोलणं सुरू होतं. भात झोडून घरात आलेलं असतं, पावसातली कामं मागे पडलेली असतात, रात्री अंगावर शाल घ्यावीशी वाटते. देवळासमोरच्या मोकळ्या जागेत एका दुपारीत बाजार उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत उठूनही जातो. या एका रात्रीच्या बाजारात काय खावं, काय प्यावं, याबद्दल आज बोलायचं आहे. खरं सांगायचं तर बोलायचं आहे खाजाबद्दल. बाकीचं ओघात येईल.

जत्रेहून आलेल्या माणसाला मालवणीत पहिला प्रश्न असतो, "खाजा हाडलंस?", म्हणजे खाजं आणलंस का? देवदर्शन झालं का, गर्दी किती होती, हे सगळं त्यानंतर. खाजं म्हणजे बेसनाच्या करंगळीएवढ्या जाड कांड्या, तळून गुळात घोळवलेल्या. एवढंच. पण हे 'एवढंच' जमायला हात लागतो. बेसन घट्ट भिजवायचं, त्यात गरम तेलाचं मोहन घालायचं, जाड भोकाच्या साच्यातून कांड्या पाडायच्या आणि आच मंद ठेवून आतपर्यंत कुरकुरीत होऊ द्यायच्या. घाई केली तर बाहेरून लाल आणि आत पीठ. मग गुळाचा पाक. थेंब पाण्यात टाकला की त्याची टणक गोळी व्हायला हवी. त्यात ठेचलेलं आलं आणि तीळ पडतात, कांड्या पडतात, आणि मग खाजेवाला दोन्ही हातांनी झारा चालवायला लागतो. थांबायचं नाही. थांबला की सगळ्याचा एकच गोळा. परतता परतता गुळाचं पाणी आटतं, त्याचे कण धरायला लागतात आणि प्रत्येक कांडीवर खडबडीत कोरडा थर बसतो.

लहानपणी मी त्या कढईसमोर इतका वेळ उभी राहायचे की आते मला हाताला धरून ओढून न्यायची. खाजं पारखायला तिनेच मला शिकवलं. बोटाला चिकटतं ते घ्यायचं नाही, कारण पाक कच्चा आहे आणि घरी पोचेपर्यंत त्याचा लगदा होणार. कांडी मोडली की आवाज आला पाहिजे. वास घेऊन बघायचा, कालच्या तेलाचा वास लपत नाही. आणि शेवटी घशाला आल्याचा चटका बसला पाहिजे. आलं वाचवणारा खाजेवाला तिच्या लेखी चोरच.

हे आलं उगीच नाही पडलेलं. जत्रा रात्रीची. पालखी फिरून आली की दशावताराचं नाटक उभं राहतं, त्यातला संकासुर येऊन हसवून जातो, मग आख्यान लागतं ते पहाटे दहीकाला होईपर्यंत. एवढी रात्र गारठ्यात जमिनीवर बसून काढायची, तर हातात धरून चघळता येईल, ज्याला ताट-वाटी लागणार नाही असंच काही हवं. वर ते न बिघडता घरी न्यायला हवं, मुंबईच्या चाकरमान्याच्या पिशवीतही टिकायला हवं. कोरडं तळलेलं बेसन आणि वर कोरडा गूळ. फ्रीज नव्हते तेव्हापासून हा हिशोब चुकलेला नाही.

खाजाच्या शेजारीच खटखटे लाडू मांडलेले असतात. शेव पाडून, गुळात वळलेले, आणि नावाप्रमाणे टणक. दात शाबूत असतील त्यांनीच त्यांच्या वाटेला जावं. कुरमुऱ्याचे लाडू मुलांसाठी. भजी मात्र कढईतून निघतानाच खावीत, पुडीत बांधून नेलेली भजी म्हणजे पैसे वाया. प्यायचं म्हणाल तर चहा, आलं घातलेला, उकळून उकळून काळा पडलेला. गोटी सोडाही असतो. एवढ्या थंडीत सोडा कोण पितं, असं मला वाटायचं. पोरं पितात, गोटीच्या आवाजासाठी पितात.

प्रत्येक जत्रेचं स्वतःचं काही असतं. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड वाहतात, आणि चामडी वहाणाही. मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जत्रा असते. तिची तारीख पंचांगात सापडत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. तिथला प्रसाद वाडीतल्या लेकी-सुना उपास धरून, एक शब्दही न बोलता रांधतात. लाखांची गर्दी बाहेर गर्जत असते आणि चुलीपाशी सगळं मुक्यानं चाललेलं असतं. तो प्रसाद विकत मिळत नाही. ताटं लागतात तेव्हा नशिबात असेल तर हातात पडतो.

आता तेरेखोल नदी ओलांडून गोव्यात जाऊ. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे सण असतो, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे प्रार्थना. दर दहा वर्षांनी त्याचे अवशेष लोकांच्या दर्शनासाठी खाली आणतात. मागच्या वेळी २०२४ च्या नोव्हेंबरात आणले होते. 'गोंयचो सायब' म्हणतात त्याला, आणि रांगेत हिंदूही असतात. चर्चच्या बाहेर बाजारात शिरलात की काय दिसतं? खाजं. तेच, गुळाचं, आल्याचं. शेजारी चणे, लाडू आणि कडयो-बोडयो, म्हणजे मैद्याच्या तळून पाकात घोळवलेल्या वाकड्या कांड्या. फेस्ताहून घरी जाणारा ख्रिस्ती माणूस शेजाऱ्यासाठी खाज्याची पुडी बांधून घेतो, जसा आमच्याकडचा जत्रेहून घेतो. गोव्याच्या खाज्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मालवणचं भारी की गोव्याचं, यात मी पडत नाही. माझी आते पडायची, आणि निकाल ठरलेला असायचा.

तिथे रात्री भूक लागली तर रॉस आमलेट खा. आमलेटवर शाकुतीचा, म्हणजे गोव्याच्या मसालेदार कालवणाचा, गरम रस्सा ओततात, सोबत पाव. आणि कुणी डिसेंबरात 'ताजा हुर्राक' म्हणून काही पुढे केलं तर हसून नाही म्हणा. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची दारू. बोंडं पिकतात फाल्गुन-चैत्राच्या सुमाराला, हुर्राक त्यानंतरचा.

एक गंमत सांगते. हल्ली जत्रेत खाज्याच्या दुकानांपेक्षा लालभडक रंगाच्या गोबी मंचुरियनच्या गाड्यांभोवती गर्दी जास्त असते. २०२४ मध्ये म्हापशात बोडगेश्वराच्या जत्रेवरून विषय निघाला आणि नगरपालिकेने कृत्रिम रंग आणि अस्वच्छता ही कारणं देऊन गोबी मंचुरियनवर बंदीच घातली. बातमी देशभर गाजली, लोक हसले. मला बंदी आवडत नाही, पण तो लाल रंग पाहून माझाही हात मागे येतो. गुळाला रंग लावावा लागत नाही, एवढं खरं.

तर जत्रेला गेलात की आधी गाभाऱ्यात जा, ओटी भरा, आणि खाजं मात्र निघताना, पहाटेच्या शेवटच्या घाण्यातलं घ्या. दुकानदारही तेव्हा आवराआवरीत असतो, चार कांड्या जास्त टाकतो. घरी आल्यावर पुडीच्या तळाशी गुळाचा आणि तिळाचा चुरा उरतो. तो कपात टाकून वर कोरा चहा ओता. आमच्या घरात त्या चुऱ्यावरून भावंडांची भांडणं व्हायची, अजून होतात.

नमस्कार.