उन्हाचं घड्याळ आणि पुणे–कोल्हापूर रस्ता

नमस्कार मंडळी. आजचा विषय तीन-चार दिवसांच्या एका सहलीचा आहे. पुण्याहून निघायचं, सातारा, औंध, कऱ्हाड करत कोल्हापूर गाठायचं, वाटेत संग्रहालयं बघायची, बागांत बसायचं आणि जिथलं तिथलं खायचं. महिना मे, कारण मुलांना सुट्टी तेव्हाच असते. पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. अंतर म्हणून हे काहीच नाही, पाच तासांत माणूस पोचतो. तरीही या रस्त्यावरच्या उन्हाळी सहली फसतात, कारण लोक किलोमीटर मोजून बेत आखतात आणि ऊन मोजायचं विसरतात. दुपारी बाराला उघड्या किल्ल्यावर, संध्याकाळी पाचला संग्रहालयाच्या बंद दारापुढे आणि रात्री दहाला खानावळीत, ‘रस्सा संपला’ हे ऐकायला. जागा त्याच ठेवा, फक्त वेळा बदला. सहल वेगळी होते.

माझा हिशेब सरळ आहे. गाडी चालवायची ती पहाटे साडेपाच ते नऊ. उघड्यावरचं काही बघायचं ते साडेनऊच्या आत, नाहीतर पाचनंतर. साडेदहा ते एक संग्रहालय. एकला जेवण, आणि जेवणानंतर दोन तास स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बाकी सगळं या चौकटीत बसवायचं.

निघायचा वार आधी ठरवा. राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाची संग्रहालयं सोमवारी बंद असतात. साताऱ्याचं, औंधचं, कोल्हापूरचं टाउन हॉल आणि चंद्रकांत मांडरे संग्रहालय, ही चारही त्याच खात्याची. शनिवारी निघणारा माणूस तिसऱ्या दिवशी, म्हणजे नेमका सोमवारी, कोल्हापुरात असतो. गुरुवारी निघा, रविवारी पहाटे परत फिरा. रविवारी संध्याकाळी परत यायचं ठरवलंत तर साऱ्या पश्चिम महाराष्ट्राबरोबर खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर उभे राहाल. सार्वजनिक सुट्ट्यांची चौकशी फोनवर करून घ्या आणि तिकीट खिडकी किती वाजता बंद होते हेही विचारा. दार बंद व्हायच्या बरंच आधी खिडकी बंद होते.

आता गाडी. टायरची हवा पहाटे, गाडी हलायच्या आधी तपासायची. आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या चिकटपट्टीवर लिहिलेला असतो. टायरच्या कडेवर असतो तो जास्तीत जास्त दाब, तो आपला नव्हे. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की हवा साधारण एक पीएसआयने (हे हवेच्या दाबाचं माप) वाढते, त्यामुळे शंभर किलोमीटर पळालेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसणारच. ते बघून घाबरून हवा सोडू नका. टायर गार झाला की हवा कमी पडते, कमी हवेचा टायर कडांशी जास्त वाकतो, जास्त तापतो, आणि उन्हाळ्यात टायर फुटण्यामागे बहुतेकदा हेच असतं.

जुन्या खंबाटकी घाटाने जात असाल तर तो सातच्या आत चढून जा. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना चढ असतो. सुट्टीच्या दिवशी दहानंतर तिथे ट्रकांची रांग लागते, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगते, समोरून वारा मिळत नाही आणि एसी चालू असतो. रेडिएटरच्या पुढ्यातच एसीचा कंडेन्सर असतो, तो आपली उष्णता त्याच हवेत सोडतो. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला की आधी एसी बंद करा. तरी चढतच असेल तर काचा उघडा आणि हीटर पूर्ण गरम, पंखा पूर्ण जोरात. मे महिन्यात हीटर लावायचा म्हणजे चेष्टा वाटेल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे, इंजिनाची उष्णता तो आत ओढून घेतो. काटा लाल पट्ट्याला लागला तर बाजूला सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. बॉनेट उघडा, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आतलं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, झाकण सैल झालं की ते उकळून थेट तोंडावर येतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबायचं. आणि कूलंट कमी आहे म्हणून वर्षभर नुसतं नळाचं पाणी ओतत राहिलात तर रेडिएटरमध्ये क्षार बसतात, गंज धरतो, आणि नेमका असल्या चढावर तो हिशेब चुकता होतो.

घाट उतरलात की पहिला मुक्काम साताऱ्याच्या अलीकडचं लिंब गाव. महामार्गापासून थोडं आत, शेतांमध्ये, बारा मोटेची विहीर आहे. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधवून घेतली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट, वरून पाहिली तर शिवलिंगाचा आकार. हिच्या पोटात चक्क दालन आहे. पायऱ्या उतरून कमानीतून आत शिरलात की दगडी भिंती, व्याल (सिंहासारखे काल्पनिक प्राणी), हत्तींची शिल्पं, आणि बाहेरच्यापेक्षा जाणवण्याइतका गारवा. मे महिन्यात बघायला यासारखी जागा नाही. आठच्या सुमाराला पोचा. वर मोटांच्या जागा मोजा, दगडाला दोरांनी पाडलेले घासे बोटाने चाचपून बघा. आमराईला पाणी खेचताना किती वेळा तो दोर वरखाली झाला असेल, ते त्या खाचेवरून कळतं. मुलांचा हात मात्र धरून ठेवा, काठावर सगळीकडे कठडा नाही.

साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय एसटी स्टँडपासून जवळ आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांच्या कराराने आलेली वाघनखं जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा इथेच लोकांना पाहायला मिळाली. नंतर ती पुढच्या शहरांत गेली, म्हणून फक्त त्यांच्यासाठी जाणाऱ्यांनी ती सध्या कुठे आहेत ते विचारून निघावं. तलवारी, दांडपट्टे, चिलखतं, तोफगोळे बघायला घाई करू नका. पट्ट्याच्या मुठीत कोपरापर्यंत हात कसा बसतो ते नीट पाहिलंत तर ते हत्यार मनगटाने नव्हे, खांद्याने का चालवतात, हे कुणी सांगावं लागत नाही.

उन्हाळ्यातल्या संग्रहालयाबद्दल एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. रणरणत्या उन्हातून आत आलेल्या डोळ्यांना पहिली दहा मिनिटं नीट दिसत नाही. तैलचित्रं काळी वाटतात, आणि ‘काही दिसत नाही हो’ म्हणत माणसं पुढे सरकतात. आत शिरलात की आधी पाणी पिऊन बाकावर बसा. मग शस्त्रं, शिल्पं, भांडी बघा. चित्रांची दालनं शेवटी. आणि तैलचित्रासमोर अगदी मध्ये उभं राहू नका, वार्निशवर खिडकीचा उजेड चमकतो. दोन पावलं बाजूला सरकलात की रंग उघडतात.

साताऱ्याहून निघताना कंदी पेढे घ्याल, घ्यायलाच हवेत. म्हशीच्या दुधाचा खवा मंद आचेवर खरपूस, तपकिरी होईपर्यंत भाजलेला असतो आणि साखर बेताची, म्हणून ते मथुरेच्या पेढ्यांपेक्षा वेगळे लागतात. ताज्या पेढ्याचा कडा बोटाने तुटतो, चिकटत नाही. पण बंद गाडीत दोन तास राहिले तर तूप सुटतं आणि डबा तेलकट होतो. खाण्यापुरते जाताना घ्या. घरी न्यायचे ते परतीच्या दिवशी, आणि सीटखाली, सावलीत ठेवा.

दुसरा दिवस औंधचा, आणि माझ्या मते ही सहल करायचीच ती या गावासाठी. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे जा. यमाईच्या डोंगरावर मध्यावर श्रीभवानी चित्र-पदार्थ संग्रहालय आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मध्ये उभं केलं. राजे स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक. एवढ्याशा संस्थानाच्या डोंगरावर राजा रविवर्मा आहे, धुरंधर आहेत, बाबूराव पेंटर आहेत, आणि इंग्लंडच्या हेन्री मूरचं माता-बालकाचं शिल्पही आहे. मूरच्या समोर थोडं थांबा. आईचा आणि लेकराचा आकार कुठे वेगळा होतो ते शोधत एक फेरी मारा. मग हस्तिदंत आणि चंदनाचं कोरीवकाम बघा, तिथे उलट प्रत्येक पाकळी मोजून कोरलेली. एका माणसाच्या संग्रहात दोन्ही होतं, हे औंधचं मोठेपण. सगळी दालनं एका दमात बघू नका. दोन तासांत चार दालनं नीट झाली तरी भरपूर.

वर मूळपीठाला, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या यमाईच्या देवळात, जायचं असेल तर संग्रहालयाच्या आधी, नऊच्या आत जा. नंतर दगडी फरशी अनवाणी पायांना चटके देते. जाड सुती मोजे पिशवीत ठेवा, लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांसाठी तर नक्कीच. औंधात खाण्याची फार सोय धरू नका, पाणी आणि फळं बरोबर घ्या.

तिथून पुसेसावळीमार्गे कऱ्हाड. या पट्ट्यातल्या ढाब्यांवर अख्खा मसूर मिळतो, इस्लामपूर-पेठ नाक्यापर्यंत त्याचीच पाटी. शाकाहारी मंडळींनी इथे पोटभर जेवावं. चांगल्या मसुरात दाणा अख्खा दिसतो पण जिभेने दाबला की विरघळतो. दाणा फुटून वरण झालं असेल तर ती सकाळची भाजी पुन्हा पुन्हा गरम केलेली. बरोबर ताक मागा. रस्त्याकडेचा उसाचा रस प्यायचाच असेल तर बिनबर्फाचा. पोट बिघडतं ते बहुधा बर्फाने.

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना जवळजवळ समोरासमोर येऊन भेटतात आणि मग काटकोनात वळतात. प्रीतिसंगमाच्या बागेत यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, आणि गावात त्यांचं ‘विरंगुळा’ हे घर. दुपारी पोचलात तर घर आधी, बाग उन्हं उतरल्यावर.

बागांबद्दल इथेच बोलतो. मे महिन्यात बागेत फुलांचे वाफे शोधू नका. ते करपलेले असतात आणि माळ्याचा त्यात दोष नसतो. उन्हाळ्यात बाग म्हणजे झाडं. बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडलेला असतो, ताम्हण जांभळा, गुलमोहर आणि सोनमोहोर भरात. ताम्हण हे आपलं राज्यपुष्प, पण ओळखणारे कमी. चुरगळलेल्या क्रेप कागदासारखी पाकळी दिसली की समजा. आणि मे महिन्यात कासच्या पठाराकडे कृपा करून वळू नका. ती फुलं पावसाळा सरता सरताची, ऑगस्ट-सप्टेंबरची. आत्ता तिथे कातळ आहे.

कोल्हापुरातला पहिला मान टाउन हॉलला. १८७२ ते १८७६ मध्ये चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकाराच्या आराखड्याने बांधलेली ही गॉथिक धाटणीची इमारत, भोवती जुन्या झाडांची बाग. नवा राजवाडाही मँटचाच, म्हणून दोन्ही एकाच दिवशी बघितले तर त्याचा हात ओळखता येतो. आत ब्रह्मपुरीच्या टेकाडातले अवशेष आहेत. तिथलं उत्खनन १९४५-४६ मध्ये झालं आणि त्यातूनच हे संग्रहालय जन्माला आलं. पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती शोधा. पंजावर मावेल इतकीच आहे, म्हणून लोक पुढून निघून जातात. समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी, दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाराने हा देव आणून पोचवला. ती एवढीशी मूर्ती बघायला दहा मिनिटं द्या.

कणेरी मठाचं सिद्धगिरी संग्रहालय गावगाड्याच्या पूर्णाकृती पुतळ्यांचं आहे. बलुतेदार, मोट, खळं, वैदू, पाणवठा. बहुतेक भाग उघड्यावर आणि चालणं पुष्कळ, म्हणून ते उघडताक्षणी गाठायचं. दुपारी गेलात तर मुलं अर्ध्यातच बसतील. राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे यांचं घर मात्र दुपारचं. नट म्हणून ओळखीच्या माणसाने पावडर शेडिंगमध्ये केलेली निसर्गचित्रं तिथे आहेत.

आता जेवण. मिसळ सकाळची, नऊच्या आधी. कोल्हापुरात ती स्लाइसपावाबरोबर येते, आणि कट वेगळा मागता येतो. आधी कमी कट घ्या, चव बघून वाढवा.

दुपारी तांबडा-पांढरा. पांढऱ्या रश्श्यावर खानावळ पारखावी, कारण तिखटामागे चूक लपते, पांढऱ्यात लपत नाही. अर्धा किलो मटण लिटरभर पाण्यात आलं-लसूण, मीठ घालून शिजवतात. ते पाणी म्हणजे अळणी. चमचा-चमचाभर पांढरे तीळ आणि खसखस, आठ-दहा काजू भिजवून अगदी गंधासारखे वाटायचे. तुपात लवंग, दालचिनी, वेलची, मिरी तडतडली की वाटण परतायचं, पण रंग बदलू द्यायचा नाही. मग अळणी, आणि शेवटी अर्ध्या नारळाचं घट्ट दूध. दूध पडल्यावर उकळी आणली की रस्सा फुटतो: वर तेलाचे थेंब, खाली रवाळ चोथा. खानावळीत वाटीत असं दिसलं तर तो रस्सा दुसऱ्यांदा तापवलेला आहे. म्हणून साडेबाराच्या पहिल्या पंगतीला बसा. आधी पांढरा, मग तांबडा. उलटं केलंत तर पांढऱ्याची चवच लागत नाही. आणि नारळाचं दूध घातलेला रस्सा उन्हात टिकत नाही, डब्यात भरून नेऊ नका.

जेवून झोपा. पाचनंतर पन्हाळा, वीस किलोमीटर, तबक उद्यानात बसायला. उतरताना गिअर खालचा ठेवा. सतत ब्रेक दाबला की ब्रेक तापतात, ब्रेक ऑइल जुनं, ओल धरलेलं असेल तर ते उकळतं आणि पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी ते बदललेलं असावं. रात्री गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर काढलेलं धारोष्ण दूध मिळतं. ते पिऊन दहाला झोपायचं, कारण रविवारी पहाटे साडेपाचला पुन्हा गाडी सुरू करायची आहे, आणि त्याआधी टायरची हवा बघायची आहे.