नाणेघाटातल्या दोन रेघा

(जुन्नर तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं भाषण, शब्दांकन करून)

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची सगळी मंडळी आणि समोर बसलेले माझे विद्यार्थी, नमस्कार. मागच्या रांगेतल्यांनी पुढे या, आज पाढे विचारणार नाही.

पत्रिकेत विषय छापलाय 'स्थानिक वारसा आणि राष्ट्राभिमान'. त्याच्याकडे येतोच, पण आधी नाणेघाट. तुम्हाला नाणेघाट मी काय सांगायचा! कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेनं जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणला जायचा. घाटमाथ्यावरचा तो दगडी रांजण जकातीचा, असं आपण आजोबांपासून ऐकत आलोय. पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला गाड्यांची ही रांग लागते. त्यातले बरेच जण पाऊस चुकवायला घाटातल्या कोरीव लेण्यात शिरतात, भिंतीला टेकून कणीस खातात आणि पाऊस उघडला की निघतात. ज्या भिंतीला पाठ टेकली, तिच्यावर काय आहे ते बघत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं.

सहलीचा एक किस्सा सांगतो. काहींनी ऐकला असेल, पुन्हा ऐका. एका शाळेत असताना मी नववीच्या सहलीसाठी नाणेघाट सुचवला. बैठकीत उत्तर आलं, 'तिथे बघण्यासारखं काय आहे, सर?' सहल गेली वॉटर पार्कला. घसरगुंडीवर माझा राग नाही, मुलांनी खेळावंच. पण 'तिथे काय आहे' हा प्रश्न जुन्नरकर माणसाच्या तोंडून निघाला, तो माझ्या मनातून आजवर गेलेला नाही. मग मी पालकांना विचारून अकरा मुलं घेतली आणि एका डिसेंबरातल्या रविवारी नाणेघाटाजवळचं घाटघर गाव गाठलं. प्रत्येकाच्या वहीत ब्राह्मी या जुन्या लिपीतल्या अक्षरांचा तक्ता उतरवून दिला होता. बरोबर भाकरी, ठेचा आणि दोन बॅटऱ्या.

आता ही युक्ती लक्षात ठेवा. शिलालेखावर बॅटरी समोरून मारायची नाही, कडेनं मारायची. समोरून नुसता खडबडीत दगड दिसतो. उजेड तिरपा पडला की खाचांत सावली भरते आणि अक्षरं वर येतात. तशी ती आली आणि मुलं गप्पच झाली. नववीची मुलं गप्प होणं म्हणजे काय, ते इथल्या शिक्षकांना विचारा.

लेख सातवाहनांचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीचीच आजी. लेखाच्या केंद्रस्थानी राणी नागनिका, सातवाहन राजा सातकर्णीची पत्नी. महिना महिना उपास करणारी, असं तिचं वर्णन त्यात आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, वर कोरलेली नावं तेवढी राहिली. बाजूच्या भिंतींवर यज्ञांची आणि दक्षिणेची यादी आहे : गाई १७००, हत्ती १०, कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, २४,४००. एवढा चोख हिशेब, आणि तो अंकांत लिहिलेला! भारतात आजवर सापडलेल्या सगळ्यात जुन्या अंकांमध्ये हे अंक मोडतात. जुन्या लेखांचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांच्यावर काम केलं, म्हणून आपण ते आज वाचू शकतो.

एका मुलीला 'दोन' सापडला. नुसत्या दोन आडव्या रेघा, एकीखाली एक. ती म्हणाली, 'सर, हा दोन कसा?' मी म्हटलं, हात न उचलता या दोन रेघा भराभर काढ. तिनं वहीत काढल्या. वरची रेघ ओढली, तिरकं खाली आली, खालची रेघ ओढली. वहीवर आपला २ उमटला! ती कितीतरी वेळ वहीकडे आणि भिंतीकडे आळीपाळीनं बघत होती. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं, पण तसा तास पुन्हा झाला नाही.

एक मात्र मुलांना सांगितलंच पाहिजे. या भिंतीवर शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. २४,४०० लिहिताना वीस हजाराची एक खूण, चार हजाराची दुसरी, चारशेची तिसरी. शून्य घेऊन दहा चिन्हांत सगळं लिहायची रीत याच देशात पुढे घडली आणि अरबांमार्फत जगभर गेली. तुमच्या खिशातल्या फोनवरचे आकडे त्याच कुळातले. जे खरं आहे तेच इतकं मोठं आहे, तर वर खोटं कशाला रचायचं? फुगवून सांगितलेला अभिमान पहिल्या प्रश्नाला फुटतो.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. पाच मिनिटं? बरं, मग मूळ विषय पाच मिनिटांत.

माझं म्हणणं एवढंच की देशाचा अभिमान घोषणेतून येत नाही, ओळखीतून येतो. आणि ओळख घरापासून तासाभराच्या अंतरावर करता येते. शिवनेरी आपला, लेण्याद्री आपली, तुळजा लेणी आपली. तिथे वर्षातून एकदा तरी गर्दी नसताना जा, आणि जायच्या आधी दहा पानं वाचून जा. ब्राह्मी शिका. आठ-पंधरा दिवस रोज अर्धा तास दिलात तर अक्षरं लागायला लागतात. शाळांनी एकेक ठिकाण आपलं मानावं. तिथली माहिती पाचवीच्या मुलानं सहावीत जाताना मागून पाचवीत येणाऱ्याला द्यावी. घाटघरच्या पोरांना वाटाडे म्हणून शिकवलं तर त्यांनाही चार पैसे मिळतील. आणि भिंतीवर नाव कोरणारा दिसला तर भांडू नका, त्याला बॅटरी द्या आणि नागनिकेचं नाव शोधायला लावा. हे आणखी उलगडून सांगायचं होतं, राहिलं.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला वाचनालयासमोर जमू. तक्ते मी आणतो. बॅटरी आणि भाकरी ज्यानं त्यानं आणायची.