किल्ली कोणाच्या खिशात?

(दृश्य: टेबलावर छापील कागद, कॅमेरा अक्षरांच्या अगदी जवळ)

अकरा पानं. त्यावर चार पॉइंटच्या टायपात छापलेली अक्षरं नि आकडे. भिंग घेऊन बसलात तरी वाचताना चुकणारच. २०१३ साली लॅडर लेविसन यांनी हे कागद एफबीआयच्या हवाली केले. लेविसन अमेरिकेत 'लावाबिट' ही ईमेल सेवा चालवत, आणि अमेरिकी हेरगिरीची गुपितं फोडणारा एडवर्ड स्नोडेन त्यांचा ग्राहक होता. कोर्टाने सांगितलं, सेवेची किल्ली, म्हणजे बंदिस्त टपाल उघडणारा अक्षर-आकड्यांचा लांबलचक संच, द्या. यांनी दिली, पण कागदावर! हा खोडसाळपणा काही कोर्टाला रुचला नाही. संगणकात चालेल अशी किल्ली द्या, नाहीतर रोज पाच हजार डॉलर दंड. शेवटी लेविसन यांनी किल्ली दिली आणि त्याच ऑगस्टमध्ये सेवेला टाळं लावलं.

हवा होता एक माणूस. पण किल्ली होती सगळ्यांची, चार लाखांच्या आसपास ग्राहकांची.

(दृश्य: जुने मोठे संगणक, पंच्याहत्तर सालच्या आसपासची छायाचित्रं)

ईमेलची घडणच तशी. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर टपाल पाठवलं, तेव्हा जाळ्यावर मोजकीच विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या. कोण कोणाला फसवणार? १९८२ मध्ये टपाल नेण्याचे नियम ठरले, त्यातही पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय नव्हती. बँकेच्या नावाने खोटी मेल येते तिचं मूळ इथे आहे. पुढे तपासणीची ठिगळं लावली गेली. वाटेतलं टपालही आता बहुतेक वेळा बंदिस्त जातं. पण मुक्कामाला, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर पोचलं की ते कंपनीला वाचता येतं.

१९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी यावर उपाय काढला होता, 'पीजीपी'. किल्ली ज्याची त्याच्याकडे. उपाय पक्का, पण वापरायला इतका किचकट की तो जाणकारांपुरताच राहिला.

(दृश्य: मोबाइलवर साठ आकड्यांचा संच)

एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने तेच काम अब्जावर लोकांसाठी करून टाकलं, कोणाला एक बटणही दाबायला न लावता. पद्धत 'सिग्नल' या दुसऱ्या मेसेजिंग ॲपवाल्यांची, मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांची. किल्ली तुमच्या फोनातच तयार होते आणि तिथेच राहते. कोणाचंही चॅट उघडा, नावावर टिचकी मारा, 'एन्क्रिप्शन'मध्ये जा: पाच-पाचच्या बारा गटांत साठ आकडे दिसतील. समोरच्याच्या फोनवरही तेच असले, तर मध्ये कोणी नाही. हे आकडे ताडून पाहणारा माणूस आम्हाला तरी अजून भेटलेला नाही.

सगळी ॲप सारखी नाहीत, हेही इथेच सांगायला हवं. टेलिग्राम 'सुरक्षित' म्हणून गाजलं, पण तिथली साधी चॅट कंपनीच्या सर्व्हरवर कंपनीच्याच किल्लीने बंद असते. खरी दोघांपुरती सोय फक्त 'गुप्त चॅट'मध्ये, आणि ग्रुपला तीही नाही. शिवाय व्हॉट्सॲपवर मजकूर झाकला, तरी कोण कोणाशी कधी बोललं हे कंपनीला कळतंच.

(दृश्य: मुंबई, वाहिन्यांच्या गाड्या, माइकची गर्दी)

मग २०२० मध्ये मुंबईत काय झालं? सुशांतसिंह राजपूत प्रकरणात अमली पदार्थांचा तपास सुरू झाला आणि सिनेमावाल्यांचे २०१७ सालचे चॅट वाहिन्यांच्या पडद्यावर झळकले. घराघरांत एकच प्रश्न: व्हॉट्सॲप फुटलं? व्हॉट्सॲपने खुलासा केला, संदेश पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणाला वाचता येत नाहीत. खुलासा खराच होता. पण जप्त झालेला फोन उघडला, की आतलं सगळं साधं मराठी-इंग्रजी-हिंदीच असतं. दुसरी फट बॅकअपची. तेव्हा गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणारी चॅटची नक्कल व्हॉट्सॲपच्या कुलपाबाहेर असे. तिला कुलूप लावायची सोय ऑक्टोबर २०२१ पासून आली. तीही आपण होऊन चालू करावी लागते. तुमच्या फोनवर ती चालू आहे का?

आणि माणसांपुढे तर कुठल्याच ॲपचं चालत नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी सरकारातल्या बड्या मंडळींनी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा सिग्नलवर केली. ग्रुपमध्ये 'द अटलांटिक' या मासिकाचे संपादक चुकून घेतले गेले होते. सिग्नलने आपलं काम चोख केलं, त्यांनाही सगळे संदेश नीट पोचवले.

(दृश्य: दिल्ली उच्च न्यायालय)

भारत सरकारच्या २०२१च्या नियमांनुसार, मागितल्यास संदेश सर्वांत आधी कोणी पाठवला हे मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी सांगायचं. व्हॉट्सॲप कोर्टात गेलं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलांनी सांगितलं, कुलूप तोडायला लावलंत तर आम्ही इथून जाऊ. साध्या ईमेलसाठी एवढा झगडा लागतच नाही. कायदेशीर नोटीस आली, की टपाल उघडून देणं कंपनीच्या हातात असतं.