जाड धागा खाली, कापड उलटं

मघाशी आत येताना एका ताईंनी विचारलं, "माझं मशीन जुनं, पायाचं. सरळ टिपेशिवाय काही येत नाही. त्यावर भरतकाम कसं व्हायचं?" म्हणून आज तेवढंच घेते. झिगझॅगवाल्या मशीनचे नक्षीटाके बटण फिरवलं की येतात, त्यात शिकवण्यासारखं थोडं. सरळ टिपेत मात्र खूप काही दडलंय.

आपली टीप दोन धाग्यांची. अमेरिकेच्या एलियास हॉवनं १८४६ साली शिवणयंत्राचं पेटंट घेतलं तेही अशाच टिपेचं: एका बाजूनं सुई, दुसऱ्या बाजूनं दुसरा धागा नेणारं शटल. यातला वरचा धागा टाक्यात बसण्याआधी सुईच्या नेढ्यातून कित्येकदा मागेपुढे घासला जातो. म्हणून सुईत जरीचा धागा ओवला की सोलवटतो, आणि जाड रेशीम तर ओवलंच जात नाही. बॉबिनच्या, म्हणजे खालच्या छोट्या रिळाच्या, धाग्याला नेढ्यातून जावंच लागत नाही. मग जाड धागा बॉबिनमध्ये भरायचा, कापड पालथं घालायचं आणि उलट्या बाजूनं टीप मारायची. नक्षी खाली, सुलट्या बाजूवर उमटते.

बॉबिन हातानं भरा, पाऊणच. बॉबिन जिच्यात बसते त्या डबीच्या, म्हणजे बॉबिन केसच्या, धागा दाबणाऱ्या पत्तीवरचा छोटा स्क्रू पाव-पाव फेरा सैल करत जा. खाली ताटली ठेवा. तो स्क्रू फरशीवर पडला की सापडत नाही. धाग्याचं टोक धरून केस लोंबकळत सोडली की ती अलगद खाली सरकली पाहिजे. माझं कळकळीचं सांगणं, यासाठी दुसरी केस घ्या आणि तिला नेलपॉलिशचा ठिपका लावा. रोजच्या शिवणाच्या केसचा स्क्रू हलवला, की पुढचं ब्लाउज शिवताना टीप बसता बसत नाही.

वर साधाच दोरा, त्याच रंगाचा. टाका मोठा, तीन-चार मिलिमीटरचा. कापड पातळ असेल तर उलट्या बाजूला फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर, लावा. आता हे नमुने पाहा, तिन्हींत धागा तोच आहे. पहिल्यात जाड धागा सपाट बसलाय. दुसऱ्यात वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, वाढवलं, तर धागा टाक्याटाक्याला दाबला जाऊन माळेसारखे दाणे दिसतात. तिसऱ्यात धागा पत्तीखालून घेतलाच नाही, केसमधून मोकळा सोडला. त्याचे फासे सुटले, पिसासारखे. फुलाच्या मधल्या भागाला मला हेच फार आवडतात.

एक चूक मात्र माझ्यासारखी करू नका. चौरंगावरच्या सॅटिनच्या रुमालावर मी 'श्री' काढायला घेतला. उलट्या बाजूवर सरळ अक्षर लिहिलं, हौसेनं जरीचा धागा भरला, कापड पालटलं तर 'श्री' आरशातला! संध्याकाळभर उसवलं, पण सॅटिनवर सुईची भोकं राहिली ती राहिलीच. तेव्हापासून अक्षर आधी पातळ कागदावर काढते आणि कागद पालटून गिरवते. वेलबुट्टीला हे भय नाही.

वळणावर सुई कापडात ठेवूनच फूट, म्हणजे कापड दाबणारी पट्टी, उचला. सुरुवातीला आणि शेवटी चार-चार बोटं धागा सोडा. मागेपुढे टीप मारून पक्कं करू नका, तिथे गुठळी होते. ती टोकं हातसुईनं उलट्या बाजूला ओढून वरच्या दोऱ्याशी गाठा. पुढच्या खेपेला प्रत्येकीनं रुमालाएवढं पॉपलिन आणि भरतकामाच्या अँकर दोऱ्याची एक लडी घेऊन या.