घड्याळ मिर्झापूरचं, ऊन नागपूरचं

(नागपुरातल्या हौशी छायाचित्रकारांसमोर ऑक्टोबरात दिलेलं व्याख्यान, थोडं छाटून)

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय 'निसर्गचित्रणात रचना, प्रकाश आणि फिल्टर'. मी प्रकाशापासून सुरुवात करतो, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया गेले.

मी शिकलो तेव्हा 36 फोटोंचा रोल असायचा आणि तो धुऊन येईपर्यंत आपण काय गाढवपणा केलाय ते कळायचं नाही. शिकवणारं कोणी नव्हतं. पुस्तकं होती, ती इंग्रजी. त्यांत लिहिलेलं, सूर्योदयानंतरचा एक तास सोन्याचा. मी इमानदारीनं तासभर उभा राहायचो. पहिले पाच-सात फोटो बरे यायचे, बाकी पांढरेफटक. आधी कॅमेऱ्याला दोष दिला, मग फोटो धुणाऱ्याला. त्या बिचाऱ्याशी मी भांडलोसुद्धा.

दोष कोणाचाच नव्हता. सूर्य क्षितिजापासून साधारण 6 अंश वर येईपर्यंत ऊन मऊ आणि पिवळं असतं. तोवर त्याचा प्रकाश हवेच्या खूप जाड थरातून तिरपा येतो, निळा भाग वाटेतच विखुरतो आणि तांबडा-पिवळा आपल्यापर्यंत पोहोचतो. आता लंडनला डिसेंबरात सूर्य हे 6 अंश चढायला जवळजवळ तास घेतो आणि भर दुपारीसुद्धा 15 अंशांच्या आसपासच राहतो. म्हणजे तिथे हिवाळ्यात दिवसभर आपल्या सकाळी आठसारखं ऊन. नागपूर 21 अंश अक्षांशावर. आपला सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, त्याला 6 अंशांना अर्धा तास पुरतो. सूर्य बुडाल्यानंतरचा निळा संधिप्रकाशही आपल्याकडे 23-24 मिनिटांत आटपतो. तेव्हा तो 'गोल्डन अवर' अर्धा करून घ्या. जागा शोधायची, तिपाई उघडायची, लेन्स पुसायची, हे सगळं अंधारातच झालं पाहिजे. उजाडल्यावर गाडी लावायला जागा शोधत असाल, तर आल्या पावली परत जाऊन पोहे खाल्लेले बरे.

त्यात आपलं घड्याळ मिर्झापूरचं. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, तो मिर्झापूरजवळून जातो. नागपूर 79 अंशांवर. त्यामुळे सूर्य आपल्याकडे घड्याळापेक्षा सुमारे 14 मिनिटं उशिरा. दुपार बाराला होते हे डोक्यातून काढा. बहुतेक महिने ती सव्वाबाराच्या आगेमागे होते.

आणि सूर्य रोज एकाच जागी बुडत नाही. हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, अंबाझरी तलावाच्या बांधावर एका ढीवरकाकांनी शिकवलं. त्या बांधावरून पश्चिमेला पाणी पसरलेलं दिसतं, सूर्यास्त पाण्यावर होतो. डिसेंबरात मी तिथे एक काठावरचं झाड हेरून ठेवलं होतं. त्याच्या मागे सूर्य बरोबर बुडताना पाहिला, पण त्या दिवशी रोल संपलेला. पुन्हा जायला मिळालं ते मार्चमध्ये. उभा राहिलो, तिपाई लावली, वाट पाहतोय. काका जाळं गोळा करत होते. म्हणाले, "साहेब, इथं काहून उभे? सूर्य आता थ्या झाडामागं नाही जात. तो तिकडं सरकला. आता दिवाळीनंतर येते तो वापस."

खरंच होतं. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य ठीक पश्चिमेच्या 25 अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनमध्ये 25 अंश उत्तरेला. दोन्हींत 50 अंशांचं अंतर. आज मोबाईलमध्ये सूर्याची दिशा दाखवणारी अ‍ॅप आहेत, ती वापरा. तरी एखाद्या तलावावर वर्षभर महिन्यातून एकदा जा. ते शिकणं वेगळं.

आता रचना. तक्रार ठरलेली असते: "सर, आपल्याकडे काय आहे? डोंगर नाही, समुद्र नाही." रामटेकचा गड सोडला तर मैलोन्‌मैल सपाट, हे खरंच. म्हणून तर आपल्याला आधी एक गोष्ट ठरवावी लागते, क्षितिजाची रेघ कुठे ठेवायची. चौकटीचे तीन भाग करा हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकारानं 1797 मध्ये लिहून ठेवला, तेव्हा कॅमेरा जन्मालाही आला नव्हता. नियम वाईट नाही. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात उमरेडच्या बाजूला ढग चढतात ना, काळे-जांभळे, तेव्हा मी जमिनीला चौकटीचा आठवा हिस्साच देतो. खाली एक बारीक काळी पट्टी, तिच्यावर एक मोहाचं झाड आणि बाकी सगळं आभाळ. उलट मे महिन्यात आभाळात काही नसतं, धुळीनं पांढरं पडलेलं असतं. तेव्हा ते जवळजवळ कापूनच टाकावं आणि खाली बघावं.

खाली काय आहे? आटलेल्या तलावाचा तळ आहे, त्याच्या भेगा आहेत. वावरांचे धुरे, म्हणजे बांध, आहेत, बैलगाडीच्या चाकोऱ्या आहेत. या रेघा डोळ्याला हाताला धरून आत नेतात, फक्त त्या उभ्यानं दिसत नाहीत. सपाट प्रदेशात माणूस उभा राहून फोटो काढतो आणि मधली सगळी जमीन चपटी होते. खाली बसा, गुडघ्याएवढ्या उंचीवर या. भेग पुढे, झाड मागे, आणि दोन्ही स्पष्ट हवेत. फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर 24 मिलिमीटरची लेन्स एफ 11 वर (हा लेन्सच्या भोकाचा आकडा, तो वाढला की भोक लहान) ठेवून साधारण 2 मीटरवर फोकस केला, तर एक मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत चालण्याजोगं स्पष्ट येतं. आणखी स्पष्टतेच्या लोभानं एफ 22 वर जाऊ नका, तिथे भोक इतकं बारीक होतं की प्रकाश वाकून सगळंच थोडं मऊ पडतं.

आपली काळी माती कॅमेऱ्याला फसवते, हेही सांगून ठेवतो. कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर धरून चालतं की समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं आहे. नांगरलेलं ओलं वावर समोर आलं की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो फोटो उजळ करतो. माती राखेसारखी दिसते. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा प्रकाश, एक स्टॉप खाली, म्हणजे निम्मा, घ्या, माती पुन्हा काळी होईल. तसंच व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर असला तर पहाटेचा पिवळेपणा म्हणजे काहीतरी चूक समजून कॅमेरा तो पुसायला बघतो. डेलाइटवर ठेवा.

कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या, विजेच्या तारा यांचं काय करायचं, असंही विचारतात. पूर्वी मी त्या टाळण्यासाठी चार-चार किलोमीटर हिंडायचो. आता घेतो. हिवाळी पहाटे धुकं जमिनीला धरून असतं आणि त्यातून फक्त चिमण्या वर निघतात, तो नागपूरच्या उत्तरेचा खरा देखावा आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्या मात्र मी फोटो काढण्याआधी उचलतो. चिमणी उचलता येत नाही.

फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर लावायच्या काचा, शेवटी ठेवलेत, कारण ते विकत मिळतात आणि माणूस आधी तिकडेच धावतो. एक जुना किस्सा सांगतो. 10 एप्रिल 1927. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, 25 वर्षांचा अमेरिकन छायाचित्रकार, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत बर्फातून चढून हाफ डोम नावाच्या प्रचंड कड्यासमोर पोहोचला. रोलऐवजी वापरायच्या काचेच्या प्लेटा संपत आलेल्या, दोनच उरल्या होत्या. त्यानं पिवळा फिल्टर लावून एक फोटो काढला आणि तेव्हाच त्याच्या लक्षात आलं की हा फोटो साधा, बिनतक्रार येईल, पण कडा पाहून पोटात जो गोळा आला तो त्यात येणार नाही. शेवटच्या प्लेटेला त्यानं गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा प्रकाश अडवते, त्यामुळे कृष्णधवल चित्रात आभाळ जवळजवळ काळं झालं आणि कडा त्यातून पुढे आला. फोटो आधी मनात दिसला, काच नंतर निवडली. आज रंगीत काचांचं हे काम संगणक करतो. पोलरायझरचं, म्हणजे चकाकी कापणाऱ्या फिरत्या काचेचं, काम मात्र त्याला नीट जमत नाही, कारण पानावरची चकाकी पानाचा रंग झाकून टाकते आणि जो रंग टिपलाच नाही तो मागून आणणार कुठून?

पोलरायझर घ्यायचा तर आपल्याकडे ऑक्टोबर हा त्याचा महिना. पावसानं धूळ बसवलेली असते, आभाळ निळं असतं. सूर्यापासून काटकोनात असलेलं आभाळ त्यानं सगळ्यात गडद होतं. म्हणजे सकाळी उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. सूर्याकडे तोंड करून ती काच कितीही फिरवली तरी आभाळ हलत नाही. एप्रिल-मेमध्ये धूळ इतकी असते की आभाळावर तो वाया जातो, पण पाण्यावर आणि पानांवर तेव्हाही चालतो. फार रुंद देखावा घेणाऱ्या लेन्सवर लावलात तर आभाळात मधेच गडद पट्टा उमटतो, इस्त्री लागल्यासारखा. आणि इंद्रधनुष्य असेल तर जपून फिरवा, तो ते पुसूनही टाकतो.

उजळ आभाळ दाबायला अर्धी काळी, अर्धी पारदर्शक अशी काच असते, ग्रॅज्युएटेड एनडी. पुस्तकं सांगतात मऊ कडेची घ्या, कारण त्यांच्या क्षितिजावर डोंगर असतात. आपल्या तलावांवर आणि वावरांत क्षितिज पट्टीनं आखल्यासारखं, इथे कडक कडेची काच छान बसते. रामटेकला ती नेऊ नका, गडावरच्या देवळांची शिखरं निम्मी काळी होतात. तिथे कमी-जास्त एक्स्पोजरचे दोन फोटो काढून घरी जोडा.

दहा स्टॉपचा एनडी, म्हणजे सगळीच काळी काच, प्रकाश हजारपट कमी करतो. साठांश सेकंदाचा फोटो 17 सेकंदांचा होतो, पाणी काचेसारखं सपाट होतं, ढग ओढल्यासारखे येतात. पहिल्यांदा तो लावला तेव्हा फोकस आधी करायचा असतो हे मला माहीत नव्हतं. काच लावल्यावर दिसेचना. अंदाजानं चाळीस मिनिटं फोटो काढले आणि सगळे धूसर. घरी सांगितलं, मुद्दाम तसे काढले. बायको म्हणाली, "चांगले आहेत, पण तलाव कुठाय?"

मोबाईलवाल्यांनी चिठ्ठी पाठवलीये, आम्ही काय करायचं. तुमच्याकडे पोलराइज्ड गॉगल असेल तर त्याची एक काच मोबाईलच्या लेन्ससमोर धरा आणि हळूहळू फिरवा. फुटाळा तलावाच्या काठावर करून पाहा, पाण्यावरची चकाकी पडदा सरकावा तशी जाते. गॉगल आधी पुसा, आणि शर्टाच्या टोकानं नको.

उद्या कोणी येणार असेल तर मी उमरेड रोडला जातोय. कपाशी, आपली पराटी, फुटलीये, पहाटे दव असतं. सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवेल, म्हणून साडेपाचला रस्त्याच्या कडेला भेटू. शेतमालकांना विचारून ठेवलंय. ते म्हणाले, धुऱ्यावरून चाला, पराटी तुडवू नका. टॉर्च आणा. चहाची टपरी सातला उघडते, तोवर आपलं काम झालेलं असेल.