कुठले शिंदे?

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

विषय ‘नामवंत शिंदे’ असा छापलाय. मीही शिंदेच, पण नामवंतांत धरू नका, पत्रिकेत नाव शेवटी आहे.

सुरुवात महादजींपासून करायची होती. पण त्याआधी एक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी भाड्यानं खोली बघत होतो. घरमालकांनी नाव विचारलं. म्हटलं, शिंदे. “कुठले शिंदे?” सोलापूरचे. “तसं नव्हे ओ, मूळ गाव?” मंगळवेढा. “म्हणजे त्या गाणाऱ्या प्रल्हाद शिंद्यांच्यातले?” म्हटलं, मला आरतीसुद्धा सुरात येत नाही. मग देवक विचारलं, मामांचं आडनाव विचारलं, सोयरिकी कुठं कुठं झाल्यात ते विचारलं. आत चहा उकळत होता, वास येत होता. कपात द्यायचा की बाजूला ठेवलेल्या पेल्यात, याचा निकाल लागेना, म्हणून तो बाहेर आलाच नाही. (हशा) हसताय, पण तुमच्यातल्या निम्म्यांनी मघाशी बाहेर मला तेच विचारलं. खोली अर्थातच मिळाली नाही. भाडं किती, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, की शिंदे हे आडनाव जात विचारणाऱ्याची पंचाईत करतं, आणि ती करावीच. कण्हेरखेडच्या पाटलांच्या घरातले महादजी शिंदे, मराठा. आपल्या कोर्टात पट्टेवाला म्हणून लागून पुढं फौजदार, 2003 मध्ये मुख्यमंत्री आणि मग देशाचे गृहमंत्री झालेले सुशीलकुमार शिंदे, दलित समाजातले. एकच आडनाव. घरमालकानं काय करायचं?

काय? दहा मिनिटं? बरं.

तर जगन्नाथ शिंदे. इथं येताना चार हुतात्मा चौकातून आला असाल. 1930 च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, शहर पेटलं, गोळीबार झाला, मार्शल लॉ लागला. पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं. तारीख गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली, म्हणून दरवर्षी पाळण्यांच्या गोंगाटात हार घातला जातो. ही चार नावं एका दमात म्हणून बघा. त्यांना कुणी देवक विचारलं असेल, असं मला वाटत नाही.

आता भरभर. दत्ताजी शिंदे, बुराडी घाट, जानेवारी 1760, त्यांचं वाक्य तुम्हाला पाठ आहे, म्हणत नाही. विठ्ठल रामजी शिंदे, जन्म 1873, जमखंडी. ऑक्सफर्डला शिकून आले आणि 1906 मध्ये अस्पृश्यांसाठी मिशन काढलं, स्वतः मराठा असून. दोन्हीकडच्यांचे बोल खाल्ले.

आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, ‘स्त्रीपुरुष तुलना’, 1882. त्यांच्यासाठी खरं तर अर्धा तास ठेवला होता, तो त्या घरमालकानं खाल्ला. त्यांचं शिंदे हे माहेरचं आडनाव, वडील बापूजी हरी शिंदे. नामवंत शिंद्यांच्या याद्या पुरुषांच्या वंशावळीवरून करतात, त्यात ताराबाई कुठं बसवायच्या ते कुणी सांगत नाही. माझ्या यादीत त्या पहिल्या आहेत. कागद टेबलावर ठेवतो, झेरॉक्स काढून घ्या, मूळ प्रत परत द्या.