वर्गातली लेकरं आणि कानाची पाळी

नमस्कार श्रोतेहो.

नववीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा धडा येतो, तेव्हा आपल्या मराठवाड्यातल्या शाळांमध्ये वर्ग कसा जिवंत होतो. कुणाच्या कानाची पाळी सुटी, कुणाची गालाला चिकटलेली. कुणाची जीभ नळीसारखी वळते, कुणाची काही केल्या वळत नाही. गुरुजी हात वर करायला लावतात, फळ्यावर आकडे मांडतात. एकाच गावची, कित्येकदा एकाच भावकीतली ही लेकरं, तरी प्रत्येकाचं रूप निराळं! हे शेजारच्या बाकावर बघून शिकण्यासारखं दुसरं शिक्षण नाही. हा तास मला मनापासून आवडतो.

पण यात एक धोका आहे. "घरी जाऊन आईवडिलांची जीभ वळते का बघून या," असं आपण सहज सांगून जातो. दोघांची वळत नाही आणि लेकराची वळते, असं निघालं म्हणजे? पोरं पुस्तकातला नियम लावतात, की असा गुण लेकरात असला तर तो आई-वडिलांपैकी एकात तरी असलाच पाहिजे, आणि नको तो हिशेब करतात. खेड्यात असा शब्द एकदा तोंडातून गेला की तो त्या माउलीच्या माथी बसतो.

आणि तो नियम इथं लागूच होत नाही, श्रोतेहो. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेल यांनी १८६६ मध्ये वाटाण्याबद्दल जे छापलं ते खरंच आहे. जिभेची गोष्ट वेगळी. अमेरिकेतले शास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये जीभ वळणं हा आनुवंशिक प्रभावी गुण, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडून आला तरी दिसणारा गुण, म्हणून मांडला. नंतर जपानमधल्या शाळकरी मुलांची पाहणी झाली. सहा-सात वर्षांच्या मुलांत ५४ टक्क्यांची जीभ वळत होती, बाराव्या वर्षी ७६ टक्क्यांची. म्हणजे वाढत्या वयात काहींना ते जमायला लागतं. १९५२ मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या, तर जनुकं, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या गुणांच्या सूचना, सारखीच असूनही ७ जोड्यांत एकाची वळते, दुसऱ्याची नाही. पुढं स्टर्टेव्हंट यांनीच हे उदाहरण पुस्तकांत राहिल्याबद्दल खंत व्यक्त केली. तरी ते अजून शिकवलं जातं! कानाच्या पाळीचंही तसंच. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात तिच्याशी जोडलेली ४९ ठिकाणं जनुकांच्या साखळीत सापडली, म्हणजे हा एकट्या जनुकाचा खेळ नाही. दोघांच्या पाळ्या चिकटलेल्या असल्या, तरी लेकराची सुटी असू शकते. त्यात आश्चर्य नाही, संशय तर मुळीच नाही.

आता उंची. "बापच बुटका, पोरगं कुठून उंच होणार?" हे आपण किती सहज म्हणतो. उंचीवर आनुवंशिकतेचा मोठा हात आहे, हे खरं. ५४ लाख लोकांच्या माहितीवरून २०२२ मध्ये उंचीशी निगडित सुमारे १२,००० जनुकीय फरक नोंदले गेले. पण जनुकांत लिहिलेली उंची अंगावर यायला पोटात अन्न लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के बालकं वयाच्या मानाने खुजी निघाली. ही टक्केवारी वंशाची नाही, ताटाची आणि आजारपणाची आहे. दिवाळीनंतर आईबापाबरोबर उसाच्या फडावर जाणारं बीडकडचं लेकरू पालात राहतं, मिळेल ते खातं. त्याची उंची बघून त्याच्या घराण्याबद्दल बोलणं मला अन्यायाचं वाटतं. वर्गात उंची मोजा, जरूर मोजा, पण दर सहा महिन्यांनी मोजा आणि वाढ थांबलेली दिसली तर त्या लेकराला आरोग्य केंद्रात न्या.

मग वर्गात करायचं काय? गुरुजींनो, बाईंनो, मोजणी वर्गापुरती ठेवा. घरच्यांची माहिती मागू नका. कुणी सांगितलीच, तर ऐकून घ्या, जुळवणी करू नका. रंगाचा, रूपाचा विषय निघाला तर सावळ्या-गोऱ्यात कमी-जास्त लावू देऊ नका. अंगाचा रंग कितीतरी जनुकं मिळून ठरवतात, आणि एकाच आईची दोन लेकरं वेगवेगळ्या रंगाची असतात, हे आपल्या सगळ्यांच्या घरात दिसतंच.

एका गुणाकडे मात्र मुद्दाम बघा. काही मुलांना लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. हा दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो, म्हणून मुलींपेक्षा मुलांत जास्त दिसतो, आणि आईला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. असा मुलगा नकाशा चुकीचा रंगवतो, मग निष्काळजी म्हणून बोलणी खातो. त्याला रागावण्याआधी त्याची नजर तपासून घ्या, आणि तोवर हिरव्या फळ्यावर लाल खडूने लिहू नका.